वेल्डर घडतो तो जाळलेल्या रॉडवर

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आयटीआयचं नवं सत्र ऑगस्टमध्ये सुरू होतं. त्याआधीचे दोन महिने बडोद्यातल्या दांडिया बाजार, बाबाजीपुरा, लालबाग भागातल्या बऱ्याच मराठी घरांत एकच खल चालतो: मुलाला डिप्लोमाला घालायचं की एखाद्या ट्रेडला? ट्रेडची चौकशी करताना पालक इमारत बघतात, यंत्रं बघतात, नोकरी लागते का विचारतात. वेल्डर ट्रेडच्या मुलाला वर्षभरात रॉड (जळत जोड भरणारी वेल्डिंगची कांडी) किती मिळतात, हे मात्र कुणी विचारत नाही. आमच्या मते पहिला प्रश्न तोच असायला हवा.

बडोद्याला वेल्डिंग नवं नाही. कोयलीची रिफायनरी 1965 पासून चालू आहे. खत, पेट्रोकेमिकल आणि नंदेसरीकडचे रासायनिक कारखाने, त्यांना लागणाऱ्या टाक्या, हीट एक्स्चेंजर आणि पाइपिंग करणारी मकरपुऱ्याची फॅब्रिकेशन शॉप्स, सावली तालुक्यात मेट्रोचे डबे, एवढं सगळं एका शहराच्या पंचक्रोशीत आहे. त्यामुळे इथे वेल्डर लागतोच. तरी कारखान्याच्या फाटकावर ट्रेड टेस्टला आलेली आयटीआय पास मुलं मोठ्या संख्येने नापास होतात. ती हुशार नसतात म्हणून नव्हे, त्यांच्या हाताला पुरेसा सराव मिळालेला नसतो म्हणून.

हिशेब मांडून बघा. 3.15 मि.मी. जाडीचा आणि 350 मि.मी. लांबीचा साधा रॉड साधारण 30 ग्रॅमचा असतो, म्हणजे किलोत तेहतीसच्या आसपास. 110 अँपिअरच्या आगेमागे करंट ठेवला तर तो मिनिटाभरात, फार तर सव्वा मिनिटात जळून जातो. मुलाला दिवसाला पाच रॉड दिले आणि वर्कशॉपचे दिवस 200 धरले, तर वर्षाचे हजार रॉड होतात. वजनात 30 किलो आणि प्रत्यक्ष आर्क (रॉड आणि लोखंडामधली विजेची ज्योत) पेटलेला वेळ जेमतेम वीस तास. सुताराच्या पोराने वर्षभरात वीस तास रंधा धरला तर त्याच्या हाती कुणी दाराची चौकट देणार नाही. त्यातही पहिले काही तास आर्क पेटवणं, रॉड चिकटला की झटक्याने सोडवणं आणि सरळ रेघ ओढणं यातच जातात. रोज पंधरा रॉड मिळाले तर तोच आकडा साठ तासांवर जातो आणि मुलाच्या मनगटात फरक दिसायला लागतो. खर्च फक्त रॉड आणि लोखंडी पट्टीचा. पण उद्घाटन यंत्राचं होतं, रॉडच्या पेटीचं होत नाही. म्हणून यंत्र येतं आणि रॉड संपलेले असतात.

आता फाटकावर काय होतं ते बघू. मुलासमोर सहा इंची पाइपचे दोन तुकडे ठेवतात. शेड्यूल 40 (पाइपच्या जाडीचा वर्ग) असेल तर बाहेरचा व्यास 168.3 मि.मी. आणि जाडी 7.11 मि.मी. कडा साडेसदतीस अंशांत उतरत्या केलेल्या, टोकाला दीड मि.मी.ची रूट फेस (न उतरवलेली सपाट कड) आणि दोन तुकड्यांत अडीच-तीन मि.मी. फट. पाइप 45 अंशांत तिरका बांधलेला असतो. तो फिरवायचा नाही, वेल्डरने स्वतः त्याच्याभोवती फिरायचं. हीच ती 6जी पोझिशन. ही पास झाली की पाइप आणि प्लेट दोन्हींच्या सगळ्या ग्रूव्ह (खाच भरून केलेल्या जोडाच्या) पोझिशन पास धरल्या जातात, म्हणून सगळ्यांना तीच हवी असते. आणि या मुलाने वर्षभर टेबलावर आडव्या ठेवलेल्या पट्टीवर रेघा ओढलेल्या असतात.

चुका कुठे होतात तेही ठरलेलं आहे. पाइपचा घेर घड्याळासारखा धरला तर सहाच्या ठिकाणी, म्हणजे तळाला, वितळलेला धातू बाहेरच्या बाजूने खाली ओघळू बघतो आणि आतून रूटला, म्हणजे जोडाच्या मुळाला, खळगा पडतो. बाराच्या ठिकाणी उलटं होतं. धातू फटीतून आत उतरतो आणि पाइपच्या पोटात गाठ लटकते. हात तोच, करंट तोच, पण पोझिशन बदलली की आर्कची लांबी, रॉडचा कोन आणि पुढे सरकायचा वेग हे सगळं बदलावं लागतं. हे पुस्तकात वाचून येत नाही. टॅकचंही, म्हणजे तुकडे जागेवर धरणाऱ्या छोट्या वेल्डचंही, तसंच. चार टॅक मारून त्यांची टोकं ग्राइंडरने उतरती करायची असतात, नाहीतर रूटचा पास (पहिला थर) टॅकला येऊन भिडतो तिथे फ्यूजन (धातू एकजीव होणं) राहून जातं. मुलं टॅक तसाच ठेवून वरून जातात. वरून जोड झकास दिसतो, एक्सरेत काळी रेघ येते.

दुसरी अडचण रॉडच्या जातीची. शिकवायला सहसा 6013 रॉड वापरतात. तो स्वस्त, एसी ट्रान्सफॉर्मरवर सहज पेटणारा आणि चुका पोटात घालणारा असतो. प्रेशर व्हेसलच्या (दाब सोसणाऱ्या टाक्यांच्या) कामावर येतो 7018, म्हणजे लो हायड्रोजन रॉड. तो नीट चालतो डीसी सेटवर, रॉड पॉझिटिव्हला लावून आणि अगदी आखूड आर्कवर. जुन्या एसी सेटवर तो चिकटतो, विझतो, आणि ‘रॉड खराब आहे’ म्हणून बाजूला पडतो. शिवाय तो भाजावा लागतो. 300 ते 350 अंश सेल्सिअसला एक-दोन तास, आणि ओव्हनमधून काढला की वापरेपर्यंत गरम पेटीत. उघड्यावर राहिलेला रॉड हवेतली ओल ओढतो. त्या ओलीतला हायड्रोजन जोडात शिरतो आणि जाड किंवा कठीण पोलादात वेल्ड थंड झाल्यावर काही तासांनी तडा जातो. संध्याकाळी चांगला दिसलेला जोड दुसऱ्या दिवशी फुटका सापडतो तो यामुळे. बडोद्याच्या पावसाळ्यात तर पाकीट फोडून रॉड उघड्या फळीवर ठेवणं म्हणजे दोष विकत घेणं आहे. उलट 6013 ला असं कडक भाजलं तर तो बिघडतो, त्याच्या लेपाला थोडी ओल लागतेच. कोणता रॉड भाजायचा आणि कोणता नाही, हे ज्याला वर्षभर ओव्हन हाताळून कळलं त्याची फोरमनला पहिल्याच दिवशी पारख होते.

स्टेनलेसच्या पाइपवर रूट टिगने (टंगस्टनचं टोक आणि आर्गन वायू वापरून) भरतात. तिथे टॉर्चमधून आर्गन पुरेसा नाही, पाइपच्या पोटातही आर्गन भरावा लागतो. दोन्ही तोंडं बंद करायची, आतली हवा बाहेर जाईल असं भोक ठेवायचं, हवा पुरती निघून गेली की मगच आर्क पेटवायचा. एवढं केलं नाही तर आतली बाजू जळक्या साखरेसारखी काळी, खरखरीत होते आणि तो जोड गंजाला बळी पडतो. टंगस्टनला धार लावताना ती लांबीच्या दिशेने लावायची. ते टोक वितळलेल्या धातूला टेकलं तर थांबून पुन्हा घासायचं. तसंच पुढे रेटलं तर एक्सरेवर पांढरा ठिपका उमटतो आणि जोड कापावा लागतो.

रोबोट आल्यावर वेल्डर हवाच कशाला, असं आता पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. एकसारख्या हजारो जोडांचं काम रोबोटकडे जातंय आणि जाणार. पण सांध्याचा माग घेणारी यंत्रणा नसेल तर रोबोट ठरलेल्या वाटेनेच चालतो. फट आज एक मि.मी. आणि उद्या तीन असली तर माणूस हात आवरतो, रोबोट भोक पाडतो. म्हणून रोबोटच्या शेडमध्ये फिटअप (तुकडे नीट जुळवणं) करणाऱ्याची, फिक्स्चर (तुकडे धरणारा साचा) तपासणाऱ्याची आणि वेल्ड गेज लावून पाहणाऱ्याची गरज वाढते. दुरुस्तीचे जोड, अवघड जागेतले जोड आणि चालू कारखान्यातली पाइपलाइन हे तर माणसाच्याच हातात राहतं. विमानांचं उदाहरणही घ्या. ऑक्टोबर 2024 मध्ये आपल्या शहरात सी-295 विमानांच्या जुळणीच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. विमानाचा सांगाडा मुख्यतः रिव्हेटचा. तिथे वेल्डिंगपेक्षा अचूक भोक पाडणं, ते रीमरने साफ करणं आणि मापणं महत्त्वाचं. ट्रेड वेगळा, पण मोजायची सवय तीच. व्हर्निअर आणि मायक्रोमीटर हाताळताना ज्याचा हात अडखळत नाही, तो पोरगा एका कामातून दुसऱ्या कामात जाऊ शकतो.

शिकाऊ उमेदवारीबद्दलही लिहायला हवं. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली आता तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावे लागतात. छोट्या शॉप्सना ते ऐच्छिक आहे. सरकारी योजनेत स्टायपेंडचा चौथा हिस्सा, महिना 1500 रुपयांपर्यंत, सरकार देतं. कागदावर सोय चांगली आहे. पण शिकाऊ मुलाचं वर्ष बहुतेकदा ग्राइंडिंग करण्यात, स्लॅग (वेल्डवर जमणारी कवची) पाडण्यात आणि प्लेटी उचलण्यात जातं. यात फोरमनचा दुष्टपणा नसतो. एक्सरेत गेलेला एक जोड म्हणजे खोदणं, पुन्हा भरणं, पुन्हा एक्सरे आणि डिलिव्हरीला उशीर. मग शिकाऊच्या हाती चालू कामाचा जोड कोण देईल? यावर तोडगा एवढाच, की शॉपच्या कोपऱ्यात एक स्टँड कायम बांधून ठेवावा आणि शिकाऊला आठवड्याला एक टेस्ट पीस त्याच्या नावावर करायला लावावा. चालू मालाला धोका नाही, आणि वर्षाला पन्नास जोड हातून जातात.

त्यासाठी नवा पाइप विकत घ्यायलाही नको. मकरपुऱ्याच्या शॉप्समधून पाइपचे शंभर-दीडशे मि.मी.चे तुकडे रोज भंगारात जातात. ते आयटीआयला द्यावेत. एकदा वेल्ड केलेला तुकडा जोडाजवळ कापून कडा पुन्हा उतरत्या केल्या की दर वेळी पंधरा-वीस मि.मी. कमी होतात, म्हणजे दीडशेचा तुकडा पाच-सहा वेळा सहज वापरता येतो. एक पथ्य मात्र कडक पाळायला हवं: रसायन वाहून गेलेला जुना पाइप घ्यायचा नाही आणि जस्ताचा मुलामा असलेलाही नाही. पहिल्याच्या पोटात काय उरलंय ते कळत नाही, दुसऱ्याच्या धुराने मुलाला रात्री थंडी-ताप भरतो.

तपासणीला दर वेळी एक्सरे लागतो असंही नाही. दोन पट्ट्यांचा टी जोड एकाच बाजूने भरायचा, थंड होऊ द्यायचा, मग व्हाइसमध्ये आवळून उभी पट्टी हातोड्याने वेल्डच्या अंगाला पाडायची. जोड फुटला की कोपऱ्यात रूट वितळलंय की पट्टीची मूळ कड तशीच चमकतेय, ते मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. स्लॅग कुठे अडकलाय, भोकं कुठे पडलीत, सगळं उघडं पडतं. हे काम दहा मिनिटांचं आहे, ते दर आठवड्याला व्हावं.

आणखी एक गोष्ट भाषेची. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन काढलं तेव्हा कारागिरीचं शिक्षण मातृभाषेतून देण्याचा आग्रह होता. दादासाहेब फाळके याच संस्थेत शिकले. आज शॉपमध्ये बोलणं गुजराती-हिंदीत, घरी मराठी, आणि ज्यावर जोडाचं भवितव्य ठरतं तो डब्ल्यूपीएसचा (वेल्डिंग कसं करायचं ते ठरवणारा) कागद इंग्रजीत. त्या कागदातले पन्नासेक शब्द, करंटची मर्यादा, प्रीहीट, दोन पासमधलं तापमान, पोलॅरिटी, हे मुलाला आपल्या भाषेत समजावून दिलं तर तो अंदाजाने काम करणार नाही.

पालकांनी प्रवेशाआधी वर्कशॉप प्रत्यक्ष बघावं. डीसी सेट आहे का आणि चालू आहे का, रॉड भाजायचा ओव्हन गरम आहे की त्यात जेवणाचे डबे ठेवलेत, वीस मुलांमागे हेल्मेट किती, हे विचारावं. हेल्मेट पुरत नसली की मुलं उघड्या डोळ्यांनी आर्क बघतात आणि रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी तळमळतात. आणि रॉडच्या थोटकांची पेटी उघडायला सांगावी. ती भरलेली असेल आणि थोटकं दोन इंचांच्या आतबाहेर असतील, तर तिथे मुलांच्या हाताला काम मिळतंय. पेटी रिकामी असेल तर गेल्या महिन्यात किती किलो रॉड वाटले, याचं स्टोअरचं रजिस्टर मागावं.

पास झालेल्या मुलांनीही एक ध्यानात ठेवावं. वेल्डरची पात्रता कायमची नसते. ज्या प्रक्रियेत टेस्ट दिली त्या प्रक्रियेत सहा महिने काम केलं नाही तर ती संपते. म्हणून कोणत्या तारखेला कोणत्या प्रक्रियेने कोणता जोड केला, याची वही ठेवावी आणि त्यावर सुपरवायझरची सही घ्यावी. नोकरी बदलताना मार्कशीटच्या आधी ती वही पुढे करावी.

कळावे,
वेल्डिंग शिकवणारे व तपासणारे काही वाचक,
वडोदरा