शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला

प्रिय बेटा,

बालवाडीपासून तू जिच्या शेजारी बसतेस तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, हे तुला तिसरीत कळलं. आता तुम्ही दोघी नववीत आहात. तालुक्यात सिकलसेलचं काम करणारे आम्ही सगळे तुझे आभार मानायला हे पत्र लिहितोय. ते सगळ्यांसमोर लिहितोय, कारण नंदुरबार जिल्ह्यात अशी मुलं गावोगावच्या शाळांत आहेत आणि तू जे करतेस ते त्यांच्या वर्गातल्या मुलामुलींनाही जमेल.

सगळ्यात मोठे आभार पाण्यासाठी. तिच्या तांबड्या पेशींमधलं हिमोग्लोबिन वेगळं आहे. अंगातलं पाणी कमी झालं की प्राणवायू सोडलेल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. अडकलेल्या जागेच्या पुढे हाडाला रक्त पोचत नाही आणि कळा सुरू होतात. म्हणून भरपूर पाणी प्यायचं. पण याच आजारात मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवायची ताकद कमी होते. तहान लागलेली असतानाही लघवी पातळ आणि पुष्कळ होते. शाळेत सगळं बिघडतं ते इथे. संडास लांब, कडी तुटलेली, एका तासाला दोनदा परवानगी मागायची लाज. मग मुलगी स्वतःच उपाय शोधते, पाणी पिणंच बंद करते. दुपारपर्यंत पाय दुखायला लागतात. एप्रिलमध्ये पारा बेचाळीसच्या वर गेला की दुपारचीही वाट बघावी लागत नाही. ‘पाणी पी’ असं कागदावर लिहून देऊन यातलं काही सुटत नाही. तू मात्र दाराशी उभी राहतेस. बाईंकडून वर्षभराची एकदाच परवानगी तूच घेतलीस. तिचं वजन पस्तीस किलोच्या आसपास, म्हणजे दिवसाला दोन ते अडीच लिटर पाणी हवं. एक लिटरची बाटली मधल्या सुट्टीपर्यंत संपवायची, पुन्हा भरून शाळा सुटेपर्यंत संपवायची, बाकीचं घरी. तुझं ‘चाल वं, पानी पी ले’ आमच्या तक्त्यापेक्षा जास्त चालतं.

थंडीचंही तसंच. गार पडलं की रक्तवाहिन्या आकसतात. डिसेंबरमध्ये परिपाठाला उघड्या मैदानात बसायचं असलं की तू तिला उन्हाच्या बाजूला घेतेस, हे बाईंनी सांगितलं. सारंगखेड्याच्या यात्रेला रात्री जायचं तर कानटोपी आणि पायमोजे हवेतच. तोरणमाळच्या सहलीत यशवंत तलावाच्या पाण्यात ती उतरली नाही आणि तूही काठावरच बसलीस. गार पाण्यात डुंबून अंग एकदम थंड पडलं की त्याच रात्री कळा येऊ शकतात. घामाने भिजलेले कपडे अंगावरच वाळू द्यायचे नाहीत, तेही याच कारणाने.

खेळाबद्दल मोठी माणसंसुद्धा चुकतात. आजारी म्हणून तिला कायम कडेला बसवायचं, हे बरोबर नाही. थोडं खेळणं, मग सावलीत बसून पाणी, मग पुन्हा थोडं, हे तिला चालतं. धाप लागेपर्यंत पळणं आणि शिक्षा म्हणून मैदानाच्या फेऱ्या मारणं चालत नाही. खो-खोत तू तिला छोटी पाळी देतेस, तेच योग्य.

तिचे डोळे पिवळे दिसतात म्हणून काही मुलं तिच्या डब्याला हात लावत नव्हती. साध्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, तिच्या १० ते २० दिवसांतच फुटतात, त्यातून तो पिवळेपणा येतो. हा आजार आईवडिलांकडून येतो, उष्ट्याने लागत नाही. तू तिच्यासोबत एका डब्यातली कळण्याची भाकरी खात राहिलीस आणि प्रश्न मिटला. तपासणीचं पथक आलं तेव्हा तू पहिली रांगेत उभी राहिलीस, त्यामुळे वर्गातल्या बाकीच्यांनीही बोट पुढे केलं. त्याचेही आभार.

शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. ‘तिला डॉक्टरांना विचारून द्या’ हे तू गोळी वाटताना सांगितलंस. सिकलसेलमध्ये रक्त कमी असतं म्हणजे लोह कमी असतंच असं नाही. वरचेवर रक्त चढवलेल्या मुलांत तर लोह साठून यकृत आणि हृदयाला इजा होते. तिला रोज लागतात ती नवं रक्त बनायला फॉलिक ॲसिड आणि कळा कमी याव्यात म्हणून हायड्रॉक्सीयुरिया, ही औषधं. हायड्रॉक्सीयुरिया बरं वाटलं म्हणून बंद करायचं नसतं, आणि ते चालू असताना ठरल्या वेळी रक्त तपासावं लागतं. हे घरच्यांचं काम. कॅप्सूल तू फोडू नकोस, हाताळूही नकोस.

कळा आल्या की बाहेरून बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. सूज नसते, जखम नसते, म्हणून नाटक वाटतं. तू बोटं दाखवून ‘दहापैकी किती?’ विचारतेस आणि ती सांगेल ते खरं धरतेस. डॉक्टरही असंच विचारतात. दुखऱ्या जागी बर्फ कधीच लावायचा नाही. कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी, पाणी, आणि मोठ्या माणसाने वजनाप्रमाणे दिलेलं पॅरासिटामॉल. पण १०१च्या वर ताप, छातीत दुखून दम लागणं, तोंड वाकडं होणं किंवा एक हात लुळा पडणं, बोबडं बोलणं, एकदम पांढरं पडून डाव्या बरगडीखाली पोट फुगणं, यातलं काहीही दिसलं तर गरम पिशवीत वेळ घालवायचा नाही. ताबडतोब बाईंना सांगायचं, १०८ला फोन लावायला लावायचा. या खुणा तू अजून दोन मैत्रिणींना शिकवून ठेव. सगळं तुझ्या एकटीवर असू नये, आणि तू गैरहजर असशील तेव्हाही कुणीतरी हवं.

ती दवाखान्यातून परत येते तेव्हा वह्यांचा ढीग समोर टाकला की पहिल्याच आठवड्यात थकवा येतो. तू प्रत्येक विषयाचं एक पान काढतेस, धड्याचं नाव, पुस्तकातलं पान, राहिलेली गणितं. कार्बन पेपर लावून लिहितेस, म्हणजे तुलाही दुसऱ्यांदा लिहावं लागत नाही. तसंच चालू ठेव. पहिले काही दिवस तिने अर्धा दिवसच यावं.

पुढच्या वर्षी दहावीचा फॉर्म भरताना मुख्याध्यापकांना आठवण कर. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे. दिव्यांग प्रमाणपत्र जोडलं तर तासाला २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास जास्त मिळू शकतो. प्रमाणपत्राला वेळ लागतो, म्हणून दिवाळीची वाट बघू नका.

आणखी एक. मागच्या थंडीत तिला भरती करावं लागलं तेव्हा ‘माझं काय चुकलं?’ असं तू तिच्या आईला विचारलंस. काही चुकलं नाही बेटा. पाणी, ऊब, औषध सगळं नीट असतानाही या आजारात कळा येतात. अशा वेळी तू तुझा अभ्यास कर, खेळायला जा आणि जमेल तेव्हा तिला फोन कर.

तुझे मनापासून आभार.

तुझ्या तालुक्यातले सिकलसेल कर्मचारी