व्हाळ ओलांडण्याआधी

महोदय,

पावसाळ्यात गोव्यातील म्हादई, मोले, नेत्रावळीच्या अभयारण्यांकडे गर्दी वळते. परवाने आणि शुल्कावर चर्चा भरपूर होते. व्हाळ, म्हणजे ओढा, कसा ओलांडावा, हे मात्र कुणी सांगत नाही.

चोर्ला घाटाच्या माथ्यावर पाऊस कोसळत असताना खाली दरीत ऊन असू शकते. चढ उभा आणि पाणलोट छोटा असल्याने पाणी काही मिनिटांत चढते. ते लालसर गढूळ झाले, पालापाचोळा नि काटक्या वाहून येऊ लागल्या, की त्याच क्षणी बाहेर पडून उंच जागी जावे, आणि तेही परतीच्या काठावर. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर थांबावे. पाऊस ओसरला की ते उतरतेही लवकर. ओलांडताना पाठपिशवीचा कमरपट्टा सोडावा, तोंड प्रवाहाकडे ठेवावे, काठी रोवून एका वेळी एकच पाय हलवावा. बूट काढू नयेत. कमरेला दोर बांधणे तर घातकच: पाय घसरला की ताणलेला दोर माणसाला पाण्याखाली दाबून धरतो.

धबधब्याखालच्या डोहात पट्टीचा पोहणाराही बुडतो, कारण हवा मिसळलेले फेसाळ पाणी अंग तोलून धरत नाही.

वन खात्याने पायवाटेवरच्या प्रत्येक व्हाळात एका खडकावर लाल रेघ मारावी. रेघ बुडाली की वाट बंद. यासाठी रंगाचा एक डबा पुरतो.

– एक पदभ्रमण मार्गदर्शक, वाळपई-सत्तरी