बाबांच्या टेप खराब झालेल्या नाहीत

प्रिय आई, दादा, वहिनी,

फोनवर हे सांगायला घेतलं की आई मधेच "जेवलीस का" विचारते, दादा "हां हां कळलं" म्हणतो आणि कळलेलं काही नसतं, म्हणून टाईप करून पाठवतेय. वहिनी, तू मोठ्याने वाचून दाखव. पहिली गोष्ट पहिल्यांदा. बाबांच्या टेप खराब झालेल्या नाहीत. व्हिडिओ कॅमेऱ्याच्या त्या सातही टेपमधे आवाज आहे.

दादा, डिसेंबरात ती पिशवी माझ्या हातात देताना तू काय म्हणालास आठवतंय का, की आपल्याकडच्या दमट हवेने आवाज खाल्ला, चित्र तेवढं उरलंय, आणि चिपळूणच्या त्या दुकानदाराने पण हेच सांगून वर मुक्या डीव्हीडीचे पैसे घेतले. मला तेव्हाच खटकलं होतं पण गप्प बसले, मला तरी कुठे काय माहीत होतं. आता वाचून वाचून कळलंय ते असं की मिनी डीव्हीची, म्हणजे बाबांच्या कॅमेऱ्यातली ती बारकी टेप गाण्याच्या कॅसेटसारखी नसते, तिच्यावर चित्र आणि आवाज दोन्ही आकड्यांच्या रूपात एकाच तिरक्या पट्ट्यांवर लिहिलेले असतात, आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल सिस्टीममधे एका फ्रेमला अशा १२ पट्ट्या. बुरशी लागली असती तर चित्रात आधी चौकोन चौकोन दिसले असते. आपलं चित्र लख्ख आहे, अंगणातल्या सारवणावरची बोटं दिसतायत. चित्र सोडून फक्त आवाज वेचून खाणारी बुरशी कुठली? माळ्यावरच्या उंदरांना पण एवढी निवड नसते.

पण मी पण काही कमी फजिती करून घेतली नाही. टेप कॉम्प्युटरवर उतरवायला आधी कॅमेऱ्यासोबतची यूएसबी केबल लावली, तर आगपेटीएवढं धुरकट चित्र आलं आणि आवाज शून्य. यात दोन रविवार गेले. मग कळलं की या जातीच्या कॅमेऱ्यांत यूएसबी असते ती कार्डावरचे फोटो काढायला आणि फारतर वेबकॅमसारखं चालवायला, टेपवरचा खरा माल बाहेर पडतो तो शेजारच्या डीव्ही लिहिलेल्या बारक्या भोकातून, आणि त्याला फायरवायरची केबल लागते. ती इथे नेदरलँड्समधे, आमच्या आइंडहोवनमधल्या एकाही दुकानात मिळेना, नवीन लॅपटॉपला तो पोर्टच नसतो तर केबल कोण ठेवेल.

तोवर ऑनलाईन ते पेनड्राईव्हसारखं कॅप्चर यंत्र मागवलं, ज्याला पिवळी पांढरी लाल पिन लागते. पिवळी चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची, लाल उजव्या. चित्र आलं मोठं आणि छान. आवाज नाही! मी म्हटलं दादाच खरा. मग हळूहळू लक्षात आलं की कॉम्प्युटर त्या यंत्राचा आवाज वेगळा माईक म्हणून धरतो, सॉफ्टवेअरमधे चित्रासाठी एकदा आणि आवाजासाठी परत एकदा तेच यंत्र निवडावं लागतं, आणि ते निवडूनही काही होईना कारण प्रायव्हसीच्या सेटिंगमधे माईकची परवानगी बंद होती. ती चालू केली आणि सहावी टेप एकदम बोलायला लागली, इतकी जोरात की खालच्या मजल्यावरची म्हातारी वर आली बघायला.

सहावी बोलली, सातवी बोलली. एक ते पाच गप्प. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या स्पीकरवर पण गप्पच, म्हणजे केबलचा दोष नाही. तू पण हेच बघितलं असणार आणि म्हणून तुझी खात्री पटली, त्यात तुझी चूक नाही.

मग एका रात्री सहज बघत बसले तर टेप चालू असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात काहीतरी येतं. सहा आणि सातला १६ बिट. एक ते पाचला १२ बिट. आणि सगळा घोळ तिथेच होता. १६ बिटमधे डाव्या-उजव्या आवाजाची एकच जोडी असते, ४८ किलोहर्ट्झची. १२ बिटमधे आवाज ३२ किलोहर्ट्झचा, जरा हलका, पण त्याच जागेत दोन जोड्या मावतात, एसटी-१ आणि एसटी-२ (एसटी म्हणजे स्टिरिओ, आपली लाल एसटी नव्हे). शूटिंग करताना आवाज जातो तो पहिल्या जोडीत, दुसरी रिकामी ठेवलेली असते, मागाहून कोणाला कॉमेंटरी किंवा गाणं भरायचं असलं तर. आणि कॅमेऱ्याच्या मेनूमधे ऑडिओ मिक्स म्हणून एक सेटिंग असतं, यातलं काय ऐकवायचं ते ठरवणारं. ते कोणीतरी एसटी-२ वर नेऊन ठेवलेलं. म्हणजे इतकी वर्षं आपण सगळे, आणि तो चिपळूणवाला पण, रिकामी जोडी ऐकत होतो!

एसटी-१ केलं आणि ढोल वाजायला लागले.

नंतर फायरवायर पण मिळाली. इथे २७ एप्रिलला राजाचा वाढदिवस असतो, त्या दिवशी लोक रस्त्यावर चादरी पसरून घरातलं जुनं सामान विकतात, एका आजोबांच्या खोक्यात वायरींचा गुंता होता त्यात सापडली, एकीकडे चार पिनची बारकी, दुसरीकडे नऊ पिनची, एक युरोला. ऑफिसातल्या मैत्रिणीचं २०१२ चं मॅकबुक आणलं, त्याला तो पोर्ट आहे. फायरवायरने टेपवर आहे तसंच उतरतं, आवाज चित्रासोबतच येतो, तो मेनू आड येत नाही. फक्त तासाच्या टेपला तासच लागतो आणि तासाला १३ जीबीच्या आसपास जागा. त्या मूळ फाईली मी दोन हार्डडिस्कवर ठेवतेय, तुम्हाला फोनवर चालतील अशा लहान करून पेनड्राईव्हवर पाठवते.

आता आई, हे तुझ्यासाठी. दुसरी टेप २००६ च्या शिमग्याची आहे. पालखी अंगणात येते, काकूने ओटी भरायला सूप घेतलंय, संकासुराचं सोंग बघून मी दाराआड पळतेय ते आलंय आणि ते कृपया कोणाला दाखवू नका. गाऱ्हाणं सुरू होतं, मुंबैला असलेल्यांना सांभाळ, परदेशात असतील त्यांना सांभाळ, आणि प्रत्येक ओळीला सगळे होय म्हाराजा म्हणतात. त्यात सगळ्यात मोठा होय म्हाराजा बाबांचा आहे. माईकला तेच सगळ्यात जवळ होते ना. सात टेपमधे बाबा एकदाही दिसत नाहीत, कॅमेरा दुसऱ्याच्या हातात द्यायचेच नाहीत, पण खोकतात, दादाला "मधून बाजूला हो रे" म्हणून ओरडतात, पालखी नाचायला लागली की स्वतःशीच हळू "वा वा" म्हणतात. मुक्या डीव्हीडीत बाबा नव्हतेच की.

आणि हो, मेनू एसटी-२ वर कोणी नेला ते पण कळलं. त्याच दुसऱ्या टेपवर मधोमध, दादा पाच मिनिटं लावून बंद करायचा म्हणून त्याला कधी लागलं नाही, एसटी-२ मधे दीडेक मिनिट काहीतरी आहे. बाबांनी घरी बसून कॉमेंटरी भरायला घेतली होती. मागे कुकरची शिट्टी, तुझ्या बांगड्या. आणि बाबा रेडिओवर बातम्या देतात तसा आवाज काढून, "ही आपल्या देवीची पालखी, अंगणात आलेली आहे."

दादा, आता कामाचं. माळ्यावरच्या ट्रंकेत निळ्या डब्यात अजून टेप असतील तर काढ, चिपळूणला न्यायच्या नाहीत आणि उन्हात तर अजिबात टाकायच्या नाहीत. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात उभ्या ठेव, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या चार टाक त्यात, मी गणपतीला येईन तेव्हा घेऊन जाईन.

आई, बाबा त्या कॉमेंटरीत एकेकाची ओळख करून देतायत, हा डावीकडे अमका, तो ढोलवाला तमका. मग म्हणतात, "आणि तो मागे माडाला टेकून उभा आहे, पिवळा टॉवेल खांद्यावर, तो म्हणजे आपला" आणि तिथेच तुटतं. अॅडॉप्टर लावून करत असणार, लाईट गेली असणार. त्या माणसाचा फोटो काढून व्हॉट्सॅपवर टाकलाय. काकूला पण दाखव. कोण आहे तो?

तुझी
धाकटी