कॅसेटमधले हसू जपणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आपले नाव कोठेही येऊ नये, ही आपण घातलेली एकमेव अट पाळून हे पत्र लिहीत आहे. मालवणी नाटकांचे नट मच्छिंद्र कांबळी यांच्या स्मृतिदिनी, गेल्या ३० सप्टेंबरला, मालवण तालुक्यातील आमच्या वाडीने देवळाच्या सभामंडपात त्यांच्या नाटकाची जुनी कॅसेट ऐकत जी संध्याकाळ घालवली, ती आपण त्या कॅसेटींवर घेतलेल्या तीन आठवड्यांच्या मेहनतीशिवाय घडलीच नसती. पावसाळी रात्र आणि गुडघ्यांचे दुखणे यांमुळे आपल्याला कुडाळहून येता आले नाही. त्यामुळे त्या मंडपात काय झाले ते आपल्याला कोणीतरी नीट सांगायला हवे, आणि हे ऋण एकट्या आमच्या घराचे नसून साऱ्या वाडीचे आहे, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहिते आहे.

कार्यक्रमाची कल्पना आमच्या वाडीतल्या मुलांची. ज्या माणसाच्या नावाने आमच्या घरातली मोठी माणसे अजूनही हसायला लागतात, तो माणूस या मुलांपैकी कोणी रंगभूमीवर पाहिलेलाच नव्हता, कारण ३० सप्टेंबर २००७ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी तो गेला तेव्हा त्यांतील बहुतेकांचा जन्मही झाला नव्हता. मला मात्र तो दिवस लख्ख आठवतो. रविवार होता. अनंत चतुर्दशी २५ तारखेला होऊन गेली होती, चाकरमानी मुंबईला परतले होते आणि घराघरांत म्हाळाची तयारी चालू होती. बातमी आली तेव्हा माझ्या वडिलांनी हातातले काम तसेच ठेवले आणि बराच वेळ ते पडवीत खांबाला टेकून बसून राहिले. मच्छिंद्र कांबळींचे गाव रेवंडी आमच्यापासून लांब नाही. कोळंबची खाडी ओलांडली की आलेच. त्यांच्याशी कोणतेही नाते नसलेल्या आमच्या घरात त्या रात्री जेवण कोणाच्याच घशाखाली नीट उतरले नाही.

असे का झाले, हे मुलांना समजावून सांगणे मला अवघड गेले. गंगाराम गवाणकर यांनी लिहिलेले आणि रमेश रणदिवे यांनी बसवलेले ‘वस्त्रहरण’ हे मालवणी नाटक १९८० साली व्यावसायिक रंगभूमीवर आले, सुरुवातीला त्याला प्रेक्षक बेताचाच होता, पु. ल. देशपांडे यांनी नाटक पाहून मनापासून कौतुकाचे पत्र लिहिले आणि त्यानंतर वारे फिरले, पुढे या नाटकाचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले आणि ते लंडनलाही जाऊन आले, हे सारे मी त्यांना सांगितले. रेवंडीच्या भद्रकालीचे नाव आपल्या नाट्यसंस्थेला देऊन या माणसाने पुढे कितीतरी मालवणी नाटके उभी केली, हेही सांगितले. मुलांनी ते ऐकून घेतले, पण त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळत होते की या माहितीतून तो माणूस त्यांच्यापुढे उभा राहत नाही.

माझ्या मते खरे कारण भाषेत होते. त्याआधी मराठी नाटक-सिनेमात मालवणी बोलणारे पात्र बहुधा घरगडी असे, आणि त्याने तोंड उघडले की लोक त्याच्या बोलण्यालाच हसत. गिरणगावातल्या चाळींत वाढलेली आमची कितीतरी माणसे शाळेत, कचेरीत मालवणी बोलायला चाचरत असत. ‘वस्त्रहरण’मधले मच्छिंद्र कांबळींचे तात्या सरपंच मात्र नाट्यगृहात आले ते गावच्या मानकऱ्याच्या रुबाबात. गावात पौराणिक नाटक करायचे, ते काही केल्या पार पडलेच पाहिजे, आणि घडते ते सारे उलटेच. त्या गोंधळाच्या मध्यभागी हा गृहस्थ इतका गंभीर, इतका स्वतःच्या शहाणपणावर विसंबून उभा असे की त्याला विनोद करावाच लागत नसे. तो भुवई वर करून क्षणभर थांबे आणि त्या थांबण्यातच अख्खे प्रेक्षागृह फुटे. दशावतार पाहत वाढलेल्या आमच्या माणसांना ही तऱ्हा ओळखीची होती, कारण आमच्या जत्रेतला नटही लिखित संहितेशिवाय, समोरच्याचा शब्द झेलून रात्र जागवतो. पण त्याच ठसक्याला मुंबईत तिकीट काढून आलेले, मालवणी न येणारे लोकही टाळ्या देतात, हे पाहून आमची छाती भरून आली. माझ्या आजोबांची तर विशेषच.

आजोबा परळच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात जे सुमारे अडीच लाख कामगार उतरले, त्यांत तेही होते. गिरणीचे दार त्यांच्यासाठी पुन्हा उघडलेच नाही. काही वर्षे वाट पाहून ते गावी परतले तेव्हा त्यांच्या सामानात एक ट्रंक, एक वळकटी आणि एक टेपरेकॉर्डर होता. ‘वस्त्रहरण’ची मूळ कॅसेट शेजाऱ्यांची. ती परत द्यायची म्हणून आजोबांनी एका दुपारी दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून कोऱ्या कॅसेटवर तिची प्रत काढली. पडवीत सारी वाडी जमली होती. बोलायचे नाही, अशी सर्वांना ताकीद होती. पण हसायचे नाही, असे सांगून ते कोणाला जमणार होते?

हीच कॅसेट आणि इतर घरांतून गोळा झालेल्या अकरा कॅसेटी घेऊन आम्ही आपल्याकडे आलो, तेव्हा त्या टाकाऊ झाल्या आहेत असेच आमच्यापैकी बहुतेकांना वाटत होते. खाऱ्या, दमट हवेत तीन-चार पावसाळेही कॅसेटला पुरे होतात, आणि यांनी तर तीस-पस्तीस पावसाळे काढलेले. रिळांच्या कडांवर पांढरी बुरशी धरली होती, काहींच्या आतली लहानशी नमद्याची गादी गळून पडली होती आणि एकीची फीत सुरुवातीलाच तुटली होती. मी सवयीने पेन्सिल घालून रीळ फिरवायला गेले तेव्हा आपण माझा हात धरलात. “पेन्सिल घालू नकात, रीळ तुटात,” एवढेच म्हणालात आणि आत जाऊन चष्मा घेऊन आलात.

त्यानंतरचे आपले काम मी चार वेळा येऊन पाहिले. जत्रांमधून लाऊडस्पीकर लावण्यात आणि रेडिओ दुरुस्त करण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या हातांची सावकाशी पाहत राहावी अशी होती. स्क्रूच्या कॅसेटी आपण उघडल्यात, चिकटवलेल्या होत्या त्या ब्लेडने अलगद कापल्यात, आणि रिळे नव्या डबीत बसवलीत. बुरशी कोरड्या मऊ फडक्याने टिपायची, फीत एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे सोडायची, दर फेरीनंतर यंत्रातले फीत वाचणारे हेड स्पिरिटने पुसायचे, असा क्रम आपण बाराही कॅसेटींना सारखाच लावलात. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फीत साठ मिनिटांच्या कॅसेटपेक्षा पातळ असते, तिला ताण सोसत नाही, हे मला आपल्याकडून कळले. आणि नव्वद मिनिटांची कॅसेट संगणकावर उतरवायला नव्वद मिनिटेच लागतात, त्यात घाई चालत नाही, हेही. मध्येच लाईट गेली की आपण न चिडता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होतात.

आजोबांची कॅसेट लावली तेव्हा आवाज घोंगडीआडून यावा तसा येत होता. आपण बारीक पेचकसाने हेडचा स्क्रू केसभर फिरवलात, कान लावलात, पुन्हा फिरवलात. आणि एकाएकी तात्या सरपंच आमच्या समोर बसून बोलू लागले. त्यांच्या मागे पावसाची सर होती, कोंबडा होता आणि पडवीतली माणसे होती. ज्या टेपरेकॉर्डरवर प्रत काढली, त्याच्या हेडच्या कोनाशी आपल्या यंत्राचा कोन जुळवला की दबलेले बारीक आवाज वर येतात, हे आपण मला नंतर समजावून सांगितलेत. त्या क्षणी मला ते कळण्यासारखे नव्हते, कारण मी आजोबांचे खोकत खोकत येणारे हसू ऐकत होते.

मग आपण यंत्र थांबवून मला जे विचारलेत, त्यासाठी मुख्यतः हे पत्र आहे. मागचा गलका कमी करता येईल, नटाचा आवाज जास्त स्वच्छ होईल, “पण मग ही माणसां जातली. ठेवूया काय?” असे आपण म्हणालात. दुसऱ्या कोणी न विचारता तो आवाज पुसून टाकला असता आणि चांगले काम केल्याचे समाधान मानले असते, आणि आम्हाला काय गेले ते कधी कळलेही नसते. तात्या थांबतात, पडवी फुटते, आजोबा खोकतात आणि त्या हसण्याखाली तात्यांचे पुढचे वाक्य अर्धे बुडते. त्या नटाची थोरवी मला कोठे नेमकी ऐकू येत असेल, तर त्या बुडालेल्या वाक्यात. आपण ते तसेच ठेवलेत.

त्या संध्याकाळी मंडपात दीडशेच्या आसपास माणसे होती. बाहेर पाऊस धरून होता. पहिली दहा मिनिटे मुले गप्प होती. मग एका थांबण्यावर मागच्या रांगेतली एक मुलगी खुदकन हसली आणि तिच्या मागोमाग सगळीच. त्यानंतर मंडपातले हसू आणि कॅसेटमधले हसू यांतला फरक ओळखू येईनासा झाला. म्हाताऱ्या बायका आवाज ओळखू लागल्या. हा अमक्याच्या घरातला, ही तमक्याची सून, असे करत त्यांनी पाच जणांना ओळखले. त्यांतली चार माणसे आता नाहीत. माझे वडील पुढच्या रांगेत होते. कॅसेटमध्ये खोकला आला तेव्हा त्यांनी माझ्याकडे न पाहता माझा हात घट्ट धरला आणि म्हणाले, “बाबा हसतत.” आजोबांना जाऊन एकतीस वर्षे झाली.

कार्यक्रम संपल्यावर मुलांनी दोन-तीन प्रवेश पुन्हा लावायला सांगितले. दुसऱ्या दिवशी वाडीतल्या क्रिकेटच्या मैदानावर एक मुलगा तात्यांसारखी भुवई चढवून पंचाशी भांडत होता, तेही शुद्ध मालवणीत. घरी एरवी तो प्रमाण मराठीतच बोलतो.

आपण पैसे घेतले नाहीत. कॅसेटींवरची जुनी हस्ताक्षरातली लेबले कोणी फाडू नयेत, एवढेच आपण सांगितलेत. ती जशीच्या तशी नव्या डब्यांना लावली आहेत, आणि ओल शोषणाऱ्या पुड्या घालून बाराही कॅसेटी ज्यांच्या त्यांच्या घरी पोचत्या केल्या आहेत. ध्वनिमुद्रण आम्ही वाडीबाहेर कोठेही दिलेले नाही व देणार नाही. ते फक्त दर वर्षी मंडपात बसून ऐकायचे, असे सर्वांनी मिळून ठरवले आहे. पुढच्या ३० सप्टेंबरला आपल्याला घरून घेऊन जायला आणि परत सोडायला गाडी येईल. वडिलांनी पुढच्या रांगेत स्वतःशेजारची खुर्ची आपल्यासाठी आताच सांगून ठेवली आहे.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपली कृतज्ञ,
वाडीतर्फे एक नात