आई, बाबा, शाळा सोडली

आई, बाबा,

सप्रेम सलाम.

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि बाबा "बरं" म्हणून फोन ठेवून मोकळे झाले असते, म्हणून लिहून राहिली. शाळेचा राजीनामा दिला. मागच्याच महिन्यात. घाबरू नका, दोन महिन्यांचा पगार बँकेत आहे, अकरा पोरं ट्युशनला येतात, आणि ते ख्रिस्ती मासिक आता दर अंकाला पुस्तक, पिक्चर, गाणी तिन्हीचं परीक्षण माझ्याकडूनच घेणार आहे, पैसे कमी देतात पण वेळेवर देतात. रूमचं भाडं निघते. गळणारं टीन मालकानं बदललं. डबा लावला नाही, हातानंच करते, आईनं दिलेलं ज्वारीचं पीठ अजून आहे. खरंच सगळं नीट आहे.

आता दुसरं. उपासना सुटल्यावर मंडळीचे पंच सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमची पोट्टी आपल्याच लोकायच्या पिक्चरले नावं ठेवते," आणि बाबा चहा न घेता घरी आले, हे आईनं सांगितलं. तेव्हापासून धड झोप नाही मला. बाबा, तो पिक्चर मी दोनदा पाहिला. बनवणारे भले लोक आहेत, उसनवारी करून बनवला, हेही लिहिलं मी. पण त्यात दारुडा नवरा एका प्रार्थनेत सुधारतो आणि पुढच्याच सीनमध्ये घराला नवा रंग! धाकट्या काकांना किती वर्षं लागली ते तुम्हीच सांगा. काकू किती वेळा बॅग घेऊन आपल्या दारात आली. त्या पिक्चरमध्ये काकूसारख्या बाईला एक वाक्य नाही बोलायला, एवढंच लिहिलं.

आपल्याच वावरातला कापूस तुम्ही कसा पाहता? बोंडातून चिमूटभर काढता, सरकी बाजूला करता, दोन्ही चिमटीत धरून ओढता, आणि धागा आखूड निघाला की व्यापाऱ्याच्या आधी तुम्हीच म्हणता, ऐन बोंडात पाऊस आला, यंदा मालात दम नाही. घरचा माल आहे म्हणून लांब धागा कधी सांगितला का?

आणि लक्ष्मीबाई टिळकांचं स्मृतिचित्रे मला वाचून कोणी दाखवलं? लाईट गेली की कंदिलाजवळ तुम्हीच. राजनांदगावला जाताना त्यांच्या नवऱ्याला, कवी नारायण वामन टिळकांना, रेल्वेत एका अनोळखी गोऱ्यानं नवा करार दिला, मग 1895 मध्ये बाप्तिस्मा, हे तुम्ही अगदी सावकाश वाचायचे. पण आई हसायची ती टिळकांच्या तऱ्हेवाईकपणाला आणि रागाला, जो लक्ष्मीबाईंनी कुठंच झाकला नाही. नवरा एवढा मोठा म्हणून तेवढं गाळून लिहिलं असतं तर आपल्या घरी कोणी दुसऱ्यांदा उघडलं असतं का ते पुस्तक?

बाहेरचे पिक्चर पाहते याचं तुम्हाला वाईट वाटते, माहीत आहे. पण घरच्या प्रार्थनेत बायबलातलं दुसरं शमुवेल आलं तेव्हा अकरावा अध्याय, दावीद राजानं दुसऱ्याची बायको बथशेबा घेतली तो, पोरं बसली आहेत म्हणून तुम्ही गाळला नाही, फक्त आवाज बारीक केला. बाराव्यात राजाला त्याचं पाप तोंडावर सांगणारा नाथान संदेष्टा आला की परत मोठा! मी तेच पाहते. पाप दाखवलं याच्यावरून नाही ठरवत, पुढं नाथान येतो का ते पाहते, नाही आला तर तसं लिहिते. शिव्या किती, चुंबनं किती, असं मोजून आईबापांच्या हाती यादी देणं सोपं आहे, पण त्यानं पोरं फक्त मोबाईल पालथा ठेवायला शिकतात.

गाण्यांना आईचंच माप. "जे भाकर थापता थापता म्हणता येत नाही ते मंडळीत किती दिवस टिकन?" टिळक 1919 मध्ये गेले, त्यांची भजनं अजून तुझ्या काठवटीवर चालू आहेत. नव्या अल्बमबद्दल लिहिताना हे वाक्य टाकलं आई, तुझं नाव नाही टाकलं.

चर्चच्या अंगणात पांढरा पडदा बांधून येशूवरचा दयासागर पिक्चर दाखवला होता, आठवते? मूळचा तेलुगू, 1978 चा, आपल्याकडं हिंदीतून आला. चाबकाच्या सीनला मी बाबांच्या मांडीत घुसली. बाबांनी माझे कान झाकले, डोळे नाही झाकले. हाताला फवाऱ्याच्या औषधाचा वास येत होता, अजून येते तो मला कधी कधी.

त्यावरून आठवलं. बाबा, फवारणीला स्वतः जायचं नाही. गडी लावा, त्यालाही मास्क, हातमोजे द्या, 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात किती माणसं गेली ते पाहिलं न आपण. बीपीची गोळी सकाळीच, जेवण झालं की नाही हे कारण नको. आई, मोतीबिंदूचं ऑपरेशन कापूस वेचून झाल्यावर नाही, आधी. चुलीजवळ बसणं बंद, गॅस काय पाहुण्यांसाठी घेतला का? तुझ्यावर चिडत नाही, पण तू ऐकतच नाही.

ख्रिसमसला चार दिवस आधी येते. पंचांकडं मीच जाईन, बाबांना यायची गरज नाही, आले तर बरं वाटेल.

अंक पोस्टानं पाठवला आहे, पान सोळा. बाबा, लाल पेननं शुद्धलेखन तपासून ठेवा. दुसऱ्या चुका दिसल्या तर त्याही.

तुमची,
बेबी