बागेची पुस्तके आणि नागपूरची माती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बागकाम, कलेचा इतिहास आणि जगाचा इतिहास या विषयांवरच्या पुस्तकांची शिफारस वाचली. कादंबऱ्या आणि यशाची सूत्रे बाजूला ठेवून कुणीतरी या विषयांकडे वळले, याबद्दल आधी आभार मानते. तक्रार एवढीच की, ही पुस्तके नागपूरच्या वाचकाच्या हाती पडल्यावर त्याच्या कितपत उपयोगी पडतील, याचा विचार त्या यादीत कुठे दिसला नाही.

बागकामाचे आधी सांगते, कारण तिथले नुकसान रोखीचे असते. माझ्या हाती आलेली बहुतेक मराठी पुस्तके पुण्या-मुंबईच्या हवेत लिहिलेली आहेत, काही तर सरळ विलायती पुस्तकांवरून उतरवलेली. त्यांत हमखास आढळणारा सल्ला म्हणजे वाफा तयार करताना मूठभर चुना मिसळा. कोकणातली जांभ्याची माती धो-धो पावसाने धुपून आम्ल झालेली असते, तिला हा सल्ला लाखमोलाचा. पण पश्चिम नागपुरातली काळी माती बेसाल्टपासून बनलेली. तिचा सामू (पीएच) साधारण साडेसात ते साडेआठ, म्हणजे अल्कधर्मी, आणि खणायला घेतले की चुनखडीचे पांढरे खडे फावड्याला लागतात. अशा मातीत आणखी चुना घातला तर जमिनीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. अनंताची नवी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेजारी म्हणतात पाणी कमी पडले, दुकानदार युरिया काढून देतो, आणि झाड आणखी सुकते. त्याला हवे असते भरपूर शेणखत, थोडे गंधक आणि हिराकसाची, म्हणजे लोहाच्या क्षाराची, हलकी फवारणी. शहराच्या पूर्वेला खडकच निराळा, बेसाल्टहून कितीतरी जुना. त्यामुळे प्रतापनगरचा अनुभव पारडीला लागू पडेलच असे नाही. एका शहरात ही गत, तिथे अख्ख्या महाराष्ट्राला एकच कोष्टक कसे चालेल?

उन्हाचेही तसेच. ‘दिवसभर ऊन मिळेल अशी जागा निवडावी’ हे वाक्य ज्याने लिहिले त्याने मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला दुपारी दोन वाजता हात लावून पाहावा. पारा ४५ च्या पुढे गेला की कुंडीत मुळे शिजतात, वरून कितीही पाणी घाला. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, झाडाला आडोसा लागतो: वर हिरवी जाळी, कुंड्या एकमेकींना खेटून, आणि शक्य तर पश्चिमेचे ऊन अडवणारी भिंत. विलायती पुस्तकात मार्च हा बी पेरायचा महिना. आपल्याकडे तो पिटुनिया, पॅन्झी उपटून टाकायचा.

गंमत म्हणजे देशाच्या मातीचे सर्वेक्षण करणारी राष्ट्रीय संस्था याच गावात, अमरावती रोडला आहे. लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था इथे, कापसाची इथे, कृषी महाविद्यालय महाराजबागेला लागून. एवढी विद्वत्ता एका गावात असताना नागपूरच्या परसबागेवर मराठीत शंभर पानांचे, सामान्य माणसाला कळेल असे पुस्तक दुकानात मागून मिळत नाही. शोधनिबंधांना आमची ना नाही, पण ते वाचून कुणी मोगरा लावत नाही.

मी चित्रकलेची शिक्षिका होते, म्हणून कलेच्या इतिहासाबद्दल दोन शब्द जास्त. मराठीतल्या या पुस्तकांची चित्रे बहुधा काळी-पांढरी आणि तीही शाई पसरलेली. रंगीत छपाई महाग पडते हे मान्य, पण रंगाबद्दल दोन पाने लिहायची आणि रंग दाखवायचाच नाही, हा वाचकावर अन्याय आहे. त्याहून मोठी खंत वेगळी. अजिंठा अनेक पुस्तकांत ‘गुप्तकाळ’ या प्रकरणात घातलेला असतो. १६ व्या लेण्यातला शिलालेख वराहदेवाचा, आणि वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. हरिषेणाची शाखा वत्सगुल्मची, म्हणजे आजच्या वाशीमची. दुसरी शाखा रामटेकजवळच्या नंदिवर्धनची, आजचे नगरधन. गुप्तांची लेक प्रभावतीगुप्ता या दुसऱ्या घराण्यात सून म्हणून आली आणि मुले लहान असताना तिने राज्य चालवले, एवढा संबंध खरा. पण त्या चित्रांमागचा बराचसा पैसा विदर्भातल्या राजघराण्याच्या मंत्र्या-मांडलिकांकडून आला, हे इथल्या किती मुलांना ठाऊक आहे? वाकाटककालीन अवशेषांची मनसरची टेकडी इथून तासाभराच्या अंतरावर. तिथे सापडलेली शिवाची देखणी मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि आमच्या शाळांच्या सहली वॉटर पार्कला जातात.

अजिंठ्यातला निळा रंग अफगाणिस्तानातून आलेल्या राजवर्ती (लॅपिस लाझुली) खड्याचा. भिंतीवरचा लेप मात्र माती, भुसा आणि वनस्पतींच्या तंतूंचा. हे एका वाक्यात सांगितले की कलेचा इतिहास, व्यापार आणि माती एकत्र येतात. पुस्तकांत ते तीन कप्प्यांत असतात आणि ग्रंथालयात तीन कपाटांत.

जगाच्या इतिहासाची तर आमच्याकडे घरोघरी खूण आहे. काटोल-नरखेडकडचा संत्रा बागायतदार पावसाळ्याच्या आधी आणि नंतर झाडाच्या बुंध्याला बोर्डो पेस्ट लावतो: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. डिंक्या, म्हणजे बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग, आटोक्यात ठेवायला ती लागते. हे बोर्डो म्हणजे फ्रान्सचे बोर्दो. तिथल्या द्राक्षवेली एकोणिसाव्या शतकात आधी अमेरिकेतून आलेल्या किडीने खाल्ल्या, मग तिथूनच आलेल्या बुरशीने. रस्त्याकडेच्या वेलींची द्राक्षे लोकांनी चोरू नयेत म्हणून मोरचूद-चुना फासत असत. तेवढ्याच वेली तगल्या, हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या नजरेत भरले आणि १८८५ मध्ये त्याने उपाय जाहीर केला. बागकामाच्या पुस्तकात याची फक्त कृती मिळते, इतिहासाच्या पुस्तकात तीही नाही.

तसाच कापूस. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेची बंदरे अडवली गेली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाड-हिंगणघाटच्या कापसाला एकाएकी भाव आला. १८६५ ला युद्ध संपले, भाव कोसळले. १८६७ ला रेल्वे नागपुरात आली आणि १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया सम्राज्ञी झाल्याची द्वाही फिरली. मिलच्या जागेवर आज मॉल आहे. अब्राहम लिंकनवरचा धडा पाठ करणाऱ्या मुलाला हा धागा कुणी दाखवत नाही. त्याच काळात इथे रिव्हेट-कार्नॅक नावाचे कापूस आयुक्त होते. गाठींचा हिशेब ठेवता ठेवता या गृहस्थांनी काटोल रोडवरच्या जुनापाणीची शिळावर्तुळे खणून पाहिली. तिथे अशी सुमारे ३०० वर्तुळे आहेत, लोहयुगातली दफने.

आमच्या भागातल्या वाचनालयाबद्दल फार लिहीत नाही. स्पर्धा परीक्षेच्या गाइडांनी भिंती भरल्या आहेत, मुले सकाळी सातपासून जागा धरतात, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मात्र खरेदीच्या यादीत या तीन विषयांची वर्षाकाठी चार पुस्तके तरी यावीत, यासाठी सभासदांनीच मागणीची चिठ्ठी द्यायला हवी. ती आपण देत नाही.

आपल्याकडे मागणे दोन. पुस्तकाची किंमत आणि पृष्ठसंख्या छापता, तशी बागकामाच्या पुस्तकापुढे लेखकाची बाग कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या मातीत आहे, हेही छापावे. आणि वर ज्या संस्थांचा उल्लेख केला, तिथल्या एखाद्या शास्त्रज्ञाला पंधरवड्यातून एकदा पाचशे शब्द मराठीत लिहायला सांगावे. सुरुवात मृगाच्या तोंडावर झाली तर लागवडीला उपयोग होईल. ते लेख पुढे पुस्तकरूपाने आलेच, तर शेवटी सूची जरूर द्यावी. एका रोगाचे नाव शोधायला अख्खे पुस्तक चाळावे लागते.

आपली,
एक निवृत्त कलाशिक्षिका, नागपूर