पालवी फुटण्याआधीची फुले

क्लीव्हलंड, ओहायो
२ मे

तीर्थरूप आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. एप्रिलमध्ये पाठवलेली छायाचित्रे पाहून तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: घरामागच्या झाडांखालचा पालापाचोळा आम्ही झाडून का काढत नाही, आणि जून उजाडताच जमिनीवरून नाहीशी होणारी रोपे विकत आणून का लावतो. दोन्हींचे उत्तर एकच आहे, पण ते फोनवर नीट सांगून होत नाही, म्हणून सवडीने लिहायला बसले आहे.

मागच्या अंगणात दोन मोठे ओक आणि एक शुगर मेपल आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत त्यांच्याखाली इतकी गच्च सावली असते की तिथे हिरवळ तग धरत नाही. मात्र हिवाळ्यात ही झाडे पूर्ण निष्पर्ण होतात. मार्चअखेरीस बर्फ वितळून जमीन उबू लागते, तेव्हापासून वरचा पाला दाट होईपर्यंत सहा ते आठ आठवडे मिळतात आणि तेवढ्या अवधीत उघड्या फांद्यांमधून ऊन थेट मातीपर्यंत पोहोचते. इथल्या रानातल्या काही वनस्पतींनी आपला सारा संसार याच आठवड्यांत बसवला आहे. पाने, फुले, बी आणि पुढच्या वर्षासाठी कंदात अन्नाचा साठा एवढे सगळे उरकून त्या जूनच्या सुमारास पिवळ्या पडतात आणि वर्षाचा उरलेला काळ जमिनीखाली काढतात. कासच्या पठारावर कातळावरच्या चार बोटे मातीत कंद उन्हाळाभर कसे निपचित पडून असतात, ते तुम्हीच आम्हाला दाखवले होते. तिथे वाट पाहायची ती पावसाची. इथे ओलावा वर्षभर असतो, वाट पाहायची ती उन्हाची. त्यामुळे रोपे निवडताना कोणाला किती सावली सोसते एवढेच मी पाहत नाही; सावली पडण्यापूर्वीचे आठवडे कोणाला पुरतात, हे आधी पाहते.

सर्वांत आधी ब्लडरूट येते. एका कळीला एकच पान आणि ते पान कळीभोवती शालीसारखे लपेटलेले, अशीच ती मातीतून वर निघते. ऊन पडले की पांढरेशुभ्र फूल उघडते, रात्री आणि ढगाळ हवेत मिटून घेते, आणि जोराची एखादी सर आली तर दोनतीन दिवसांतच पाकळ्या गळतात. तिचा देठ किंवा मूळ मोडले तर नारिंगी-लाल चीक येतो. तो कातडीला अपायकारक असल्यामुळे मुलांना मी तिला हात लावू देत नाही. पाकळ्या गळाल्यावर पान मोठे होत जाते आणि उन्हाळ्यात बराच काळ टिकते, म्हणून ही मला विशेष प्रिय आहे.

तिच्या पाठोपाठ स्प्रिंग ब्यूटी फुलते. हिचे फूल करंगळीच्या नखाएवढे असते आणि पांढऱ्या पाकळ्यांवर गुलाबी रेघा असतात. अँड्रिना एरिजेनी या शास्त्रीय नावाची एक लहानशी एकांडी मधमाशी आपल्या पिल्लांसाठी याच फुलाचे पराग गोळा करते. सकाळी दहाच्या उन्हात गुडघे टेकून बसले की तिच्या मागच्या पायांवर गुलाबी पूड स्पष्ट दिसते, कारण या फुलाचे परागच गुलाबी असतात. ही माशी पोळे बांधत नाही. प्रत्येक मादी जमिनीत स्वतःचे बीळ खणून त्यात अंडी घालते, म्हणून तो कोपरा मी कधीही उकरत नाही. शेजारीच डचमन्स ब्रीचेस आहे. त्याच्या फुलातला मध इतका खोल असतो की हिवाळाभर जमिनीत झोपून नुकत्याच जाग्या झालेल्या बंबलबी या मोठ्या केसाळ मधमाश्यांच्या राण्यांच्या लांब जिभाच तिथवर पोहोचतात. त्या दिवसांत आसपास दुसरे फारसे काही फुललेले नसते, त्यामुळे त्या एकेकट्या राणीचे घर उभे राहणे बऱ्याच अंशी अशा फुलांवर अवलंबून असते.

व्हर्जिनिया ब्लूबेलच्या कळ्या गुलाबी असतात आणि उमलताना निळ्या होतात. एप्रिलच्या उत्तरार्धात कायाहोगा खोऱ्यातल्या राष्ट्रीय उद्यानात नदीकाठच्या सखल, गाळाच्या जमिनीवर ती मैदानेच्या मैदाने भरून फुलते. आमच्या घराच्या पन्हाळीचे पाणी जिथे उतरते त्या ओलसर जागी मी ती लावली आहे आणि ती आपसूक पसरते आहे.

सगळ्यांत जास्त सांगण्यासारखे आहे ते ट्रिलियमविषयी. आज लिहिताना खिडकीतून तेच दिसते आहे: तीन पाने, तीन हिरवी निदले, तीन मोठ्या पांढऱ्या पाकळ्या. मोठ्या फुलाचे हे पांढरे ट्रिलियम म्हणजे ओहायोचे राज्य-रानफूल. याचे बी उन्हाळ्यात मातीत पडले तरी पहिल्या हिवाळ्यानंतर फक्त मूळ फुटते, जमिनीवर काहीच दिसत नाही. दुसरा हिवाळा गेल्यावर एक बारीक पान वर येते, मग काही वर्षे एकच पान, मग तीन पाने, आणि पहिले फूल यायला एकंदर सात ते दहा वर्षे लागतात. फूल तोडताना तीन पानेही गेली, तर त्या रोपाची वर्षभराची कमाईच गेली, कारण त्या हंगामात त्याला दुसरी पाने फुटत नाहीत. इथे पांढऱ्या शेपटीची हरणे गावातल्या अंगणांतही बिनदिक्कत फिरतात आणि ट्रिलियम त्यांचे आवडते खाद्य आहे. ज्या रानात हरणे फार झाली तिथे ट्रिलियम खुजे होत जाते, फुलायचे थांबते आणि अखेर दिसेनासे होते. म्हणून आमच्या वाफ्याभोवती तुम्हाला ते ओबडधोबड जाळीचे कुंपण दिसले. ते शोभत नाही हे आईचे म्हणणे खरे आहे, पण काढता येणार नाही.

रोपे विकत घेतानाही याच कारणाने फार जपावे लागते. जे रोप फुलायला सात-आठ वर्षे घेते ते कोणी अगदी स्वस्तात विकत असेल, तर बहुधा ते रानातून उपटून आणलेले असते. ‘रोपवाटिकेत वाढवलेले’ एवढ्या पाटीवर मी विश्वास ठेवत नाही, कारण रानातून आणून वर्षभर कुंडीत ठेवले तरी तसे लिहिता येते. बियांपासून किंवा स्वतःच्या रोपांच्या विभागणीतून तयार केले आहे का, हे मी स्पष्ट विचारते आणि समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर रिकाम्या हाताने परतते.

आता पाल्याविषयी. ब्लडरूट, ट्रिलियम, डचमन्स ब्रीचेस या सगळ्यांच्या बियांना एक पांढरट, तेलकट टोक असते. मुंग्या त्या टोकासाठी बी वारुळात ओढून नेतात, टोक खातात आणि बी आपल्या कचऱ्याच्या सुपीक ढिगात टाकून देतात. तिथेच ते रुजते. हे बी सुकले की रुजणे अवघड होते, म्हणून ओलावा धरून ठेवणारा पाला लागतो. मुंग्यांनाही तोच लागतो आणि या रोपांच्या मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीलाही तोच लागतो. शरद ऋतूत गळलेली ओकची पाने फार जाड थर धरतात आणि कोवळे अंकुर खाली अडकतात, एवढ्यासाठी मी ती गवत कापायच्या यंत्राने बारीक करून पुन्हा तिथेच पसरते. विकतचे खत घालत नाही. ओकच्या मुळांवर नवी माती चढवत नाही, कारण त्याने मुळे गुदमरून झाडच खचते. मुळांच्या मधल्या बेचक्यांत खुरप्याने हाताएवढा खड्डा करून लहान रोप बसवायचे, पहिल्या वर्षी कोरड्या दिवसांत पाणी घालायचे आणि पुढे फार लुडबूड करायची नाही.

तुम्ही परसात गांडूळखताचे टाके केले आहे, म्हणून पुढचे वाचून तुम्हाला नवल वाटेल. आमच्या या भागावर हिमयुगात प्रचंड बर्फ होते. ते हटल्यानंतर इथली जंगले गांडुळांशिवाय वाढली. आज जी गांडुळे आढळतात ती युरोपीय वसाहतकारांच्या रोपांबरोबर आणि मातीबरोबर आलेली, आणि अलीकडे पूर्व आशियातल्या उड्या मारणाऱ्या काही जाती आल्या आहेत. आपल्या शेतात जे उपकार ठरते तेच इथल्या रानात घात करते: वर्षानुवर्षे साचलेला पाल्याचा थर गांडुळे भराभर खाऊन टाकतात, खाली उघडी माती राहते आणि ट्रिलियमचे बी व कोवळी रोपे उघड्यावर पडतात. त्यामुळे कुंडीतले रोप लावण्यापूर्वी मी त्याची माती तपासून घेते. माती कॉफीच्या चोथ्यासारखी रवाळ दिसली तर ते रोप अंगणात येऊच देत नाही.

दुसरा शत्रू गार्लिक मस्टर्ड. पान चुरगळले की लसणाचा वास येतो. युरोपातून ते बहुधा स्वयंपाकासाठीच आणले गेले आणि आता रानोमाळ झाले आहे. त्याच्या मुळांतून असे द्रव्य सुटते की मातीतली उपयोगी बुरशी दुबळी होते. बी धरण्याआधी, म्हणजे याच दिवसांत, ते मुळासकट उपटावे लागते. मातीतले जुने बी कित्येक वर्षे जिवंत राहते, म्हणून हे काम दर वसंतात आहेच.

फुले संपल्यावर जागा ओसाड दिसते का, असे आईने विचारले होते. तिला सांगा की ब्लूबेल पिवळी पडेपर्यंत तिच्या शेजारचा हंसराज मोठा होतो. आपल्या विहिरीच्या काठी असतो त्याच्याच जातकुळीतला हा आहे, फक्त इथला थंडी सोसणारा. रानआले आणि फोमफ्लॉवर उरलेली जमीन झाकतात.

तुमच्यासाठी मुद्दाम शेवटी राखून ठेवले आहे ते जॅक-इन-द-पल्पिट. महाबळेश्वरला जूनच्या पहिल्या पावसात आपण जो सापकांदा पाहायचो, त्याच प्रजातिगटातला हा भाऊबंद. आपल्याकडच्याचे फुलाभोवतीचे आवरण पांढरे आणि गळ्याशी जांभळट असते, याचे हिरवे असून त्यावर तपकिरी-जांभळ्या रेघा असतात. अळवाच्या कुळातला असल्याने कंद कच्चा खाल्ला तर अळू-सुरणापेक्षाही भयंकर खवखवतो. कंद लहान असेल तर रोप नर असते, साठा वाढला की तेच मादी होते, आणि फळे धरून थकले तर पुन्हा नर होऊ शकते. आत उतरलेल्या बारीक चिलटांना बाहेर पडायला नर फुलाच्या तळाशी एक फट असते, मादी फुलाला नसते. परवा मी दोन आवरणे बोटाने हलकेच उघडून पाहिली आणि फरक स्वच्छ दिसला. जूनमध्ये महाबळेश्वरला गेलात तर सापकांद्याचीही लहान-मोठी रोपे उघडून पाहा आणि काय दिसते ते कळवा.

पुढच्या वर्षी येणार असाल तर एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पोहोचाल अशी तिकिटे काढा. जूनमध्ये आलात तर यातले बहुतेक काहीच दिसणार नाही. येताना मात्र कंद, बी किंवा माती सामानात घालू नका. आवश्यक कागदपत्रांशिवाय ती विमानतळावर काढून घेतात, आणि त्यांनी घेतली नाहीत तरी मी ती इथल्या जमिनीत लावणार नाही. त्याऐवजी तुमचे जुने लहान खुरपे आणा, मोठ्या सामानात घालून. मुळांच्या बेचक्यांत चालेल असे खुरपे इथे मिळत नाही.

आईस साष्टांग नमस्कार, धाकट्यांस आशीर्वाद.

तुमची,
वैशाली